हारापुरती जागा

माझ्या मायला स्वतःच्या तेरवीचा फोटो हवा होता. ती चांगली धडधाकट होती, रोज पहाटे फुलं तोडायला वावरात जात होती, दोन भाकरी खात होती. तरी तिला तो फोटो आत्ताच हवा होता, आणि तो मीच काढलेला हवा होता. मी बारा दिवसांसाठी घरी आले होते. त्यातले नऊ दिवस मी तिला टोलवत राहिले.

मी आले होते वेगळ्याच कामाला, आणि त्या कामाचं नाव मायला सांगताना माझीच जीभ अडखळली. मी कॅनडात राहते, वीस वर्षं झाली. फोटोग्राफर आहे. पोट भरायला देशी लोकांची लग्नं आणि बारशी काढते, आणि मनाच्या समाधानासाठी जे काढते त्याला तिकडं कला म्हणतात. नवरा गुजराती आहे, चांगला आहे, या गोष्टीत त्याचं काही काम नाही. तर तिथल्या एका कलासंस्थेला परदेशात स्थायिक झालेल्या लोकांनी आपल्या 'आपलेपणाचा शोध' घेतलेला हवा होता. अर्जात एक प्रश्न होता, तुमची मुळं कुठं आहेत? मी लिहिलं, काळ्या मातीत. त्यांना ते इतकं खोल वाटलं की मला फोन आला. अहो, मी जमिनीचा प्रकार लिहिला होता. आमच्याकडं कोणी विचारलं वावर कसं आहे, तर माणूस हेच सांगतो.

आपलेपणाचं म्हणाल तर माझा हिशोब साधा होता. पुण्यात शिकायला होते तेव्हा मी 'नागपूरकडची' होते. खोलीतल्या मुली मी तोंड उघडलं की हसायच्या, कारण आमच्याकडं बायकासुद्धा 'मी जातो, मी येतो' म्हणतात. वर्षभर हसल्या बिचाऱ्या, त्यांना दुसरी करमणूक नव्हती. कॅनडात गेल्यावर मी 'मुंबईची' झाले, कारण तिथल्यांना दुसरं गाव माहीत नाही आणि समजावून सांगायचा मला कंटाळा. आणि इथं आले की शेजारीपाजारी सांगतात, कॅनडावाली आली. अमरावतीची मी कुठंच नव्हते, अमरावतीत तर नाहीच नाही. यावर संस्थेनं पैसे दिले. आपण कशाला नाही म्हणायचं?

आमचं घर अमरावतीच्या जरा बाहेर, परतवाड्याच्या रस्त्याला. दोन एकर जमीन. अर्ध्यात झेंडू, शेवंती, निशिगंध, आणि उरलेल्यात वांगी, मेथी, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. शेत भाऊ-वहिनी बघतात. फुलांचं सगळं मायकडं. पस्तीस वर्षं ती बाजारात एकाच जागी बसून हार करते आणि विकते. देवाचे हार, नवरदेवाचे हार, पुढाऱ्यांचे हार आणि फोटोचे हार. यातलं फोटोचं गिऱ्हाईक तिला सगळ्यात आवडतं. देवाला लोक विसरतात, पुढारी पडतो, पण मेलेला माणूस कुठं जात नाही, असं तिचं म्हणणं.

एवढ्या वर्षांत तिनं शहरातल्या निम्म्या मेलेल्या माणसांना हार पुरवले असतील, आणि त्यामुळं फोटो या विषयावर तिची मतं माझ्यापेक्षा पक्की आहेत. हार मागायला आलेल्या माणसाला ती आधी फोटो केवढा आहे, कसा आहे, ते विचारते. तिच्या मते चांगला फोटो तो, ज्यात माणूस समोर बघतो, डोक्यावर चार बोटं जागा असते आणि हनुवटीखाली वीतभर. ही वीतभर जागा हारासाठी. लोक हौसेनं तोंड भरून फोटो काढतात आणि मग हार घातला की तो बरोबर ओठांवर येतो. मेलेला माणूस बिचारा वर्षभर झेंडूतून डोकावत बसतो. चंदनाच्या हारावर तर तिचा दातच आहे. एकदा घातला की सुटले, धूळ बसेपर्यंत बघायला नको. वहिनी तिला मुद्दाम चिडवायची की तुम्हाला मी चंदनाचाच घालणार आहे. माय म्हणायची, घालून पाहा, रात्री येऊन बसतो का नाही उशाशी. दोघींचं चांगलं जमतं.

आता बाबांच्या फोटोबद्दल सांगते, म्हणजे मायचा हट्ट कुठून आला ते कळेल.

बाबा नऊ वर्षांपूर्वी गेले, अकोल्याला, दवाखान्यात. मी तेव्हा येऊ शकले नाही. काही दिवसांपूर्वीच मी तिकडची नागरिक झाले होते. जुना पासपोर्ट रीतसर परत केला होता, आणि नव्या पासपोर्टवर भारतात यायची परवानगी अजून आली नव्हती. म्हणजे नेमक्या त्या दिवसांत मी माझ्या बापाच्या देशात कागदोपत्री परकी होते. तिथल्या भारतीय वकिलातीच्या खिडकीशी मी भांडले, रडले, तिथल्या बाईनं मला कागदी रुमाल दिला. परवानगी वेळेवर आलीच नाही. तेरवी मी फोनवर पाहिली. भावानं फोन भिंतीकडं फिरवला, तिथं पाटावर कोणाचा तरी हार घातलेला मोठा फोटो होता. निळा कोट, लाल टाय, काळेभोर भांग पाडलेले केस. मला वाटलं कोण्या पुढाऱ्याचा फोटो मांडलाय. मी भावाला विचारलं, "हे कोण रे?"

त्यानं फोन परत स्वतःकडं वळवला. मग म्हणाला, "बाबा."

माझ्या बापानं उभ्या जन्मात कोट घातला नाही. धोतर, बंडी आणि पांढरी टोपी. आणि टोपीखाली केस नव्हतेच, माझ्या आठवणीत तरी कधीच नव्हते. झालं असं होतं की बाबांचा एकही धड फोटो घरात नव्हता. भावानं एका लग्नातला घोळक्याचा फोटो शोधला, त्यात बाबांच्या टोपीवर कोणाचा तरी हात आलेला. तो घेऊन भाऊ अकोल्याच्या बसस्थानकाजवळच्या एका स्टुडिओत गेला, आणि स्टुडिओवाल्यानं हात काढला, टोपी काढली, केस लावले, कोट चढवला. घाईत होतं ते सगळं.

आता विचाराल की घरात फोटोग्राफर असताना बापाचा फोटो कसा नव्हता? तर त्याचं उत्तर हेच की घरात फोटोग्राफर होती. सगळ्यांना वाटायचं हिनं काढले असतील. काढले होते ना! कौंडण्यपूरच्या नदीच्या पायऱ्या काढल्या होत्या, अचलपूरचे जुने दरवाजे काढले होते, शेंदूरजनाघाटला संत्र्यांच्या ढिगावर झोपलेला माणूस काढला होता. बाबा पण होते. त्यांची पाठ होती. विडी धरलेली बोटं होती. आणि नांगराच्या तासावर पडलेली त्यांची लांब सावली होती, तिला तर तिकडं बक्षीस मिळालं. त्या सावलीला हार घालता येत नाही. ही अक्कल मला फोनवर तेरवी बघताना आली.

तेव्हापासून माय रोज सकाळी त्या कोटातल्या फोटोला ताजा हार घालते. मला एकदा म्हणाली, "रोज हार घालतो तं वाटते दुसऱ्याच्याच नवऱ्याले घालून राहिली." म्हणाली हसत हसत, पण मी तेव्हापासून फोनवर त्या भिंतीकडं बघायचं टाळते.

तर यावेळी मी घरी पोचले, हातपाय धुतले, चहा घेतला, आणि कपाची बशी खाली ठेवायच्या आत मायनं विषय काढला. माहा एक फोटो काढून ठेव. हाराचा. मी म्हटलं काढू की, काय घाई आहे. आणि त्या दिवसापासून मी ते काम सोडून बाकी सगळं केलं.

मी तिचे हात काढले. फुलं ओवतानाचे हात, सुईचे डाग पडलेली बोटं, हळदीसारखी पिवळी झालेली नखं. पाय काढले, भेगांसकट. बाजारात बसलेली पाठमोरी आकृती काढली, समोर हारांची रांग. पदर काढला. तिची चप्पल काढली, एकटी, उन्हात. संस्थेला रोज दोन-चार फोटो पाठवत होते आणि तिकडून रोज कौतुक येत होतं, हात तर त्यांना भलतेच आवडले. तिकडच्या लोकांना आपल्या म्हाताऱ्यांचे हात फार आवडतात. तोंडाशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं.

माय चार दिवस बघत राहिली. पाचव्या दिवशी बाजारात, गिऱ्हाइकांसमोर, हातातला दोरा न थांबवता म्हणाली, "हात काढते, पाय काढते, पाठ काढते. मी मेली का हार काय पायाले घालतीन?"

शेजारची भाजीवाली पोट धरून हसली. मी पण हसले. पण मला आतून झोंबलं, कारण तिनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. मी काढत का नव्हते, हे मला चांगलं ठाऊक होतं. समोरून, सरळ, हनुवटीखाली वीतभर जागा सोडून तिचा फोटो काढायचा म्हणजे तो कशासाठी, हे कबूल करायचं. पुढच्या वेळी मी कशासाठी येईन ते कबूल करायचं. किंवा पुन्हा येऊच शकणार नाही, ते. तिकडं मी मोठ्या तोंडानं सांगत फिरते की मी शकुन-अपशकुन मानत नाही, मांजर आडवं गेलं तर मी मांजराचा फोटो काढते. आणि इथं मायला चक्क म्हणाले की असं अभद्र बोलू नये, जित्या माणसाचा असा फोटो काढू नये. तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की माझी मलाच लाज वाटली. म्हणाली, तू कवापासून एवढी म्हातारी झाली वो?

मग एका दुपारी मी मधला रस्ता काढला. तिला स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसवलं, बाजूनं ऊन येत होतं, आणि तोंड काढलं. अगदी जवळून. अर्धं उजेडात, अर्धं अंधारात, एकेक सुरकुती दिसत होती. सुरेख फोटो होता, आजही सांगते. मायनं चष्मा लावून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं, मान तिरकी केली, सरळ केली. म्हणाली, "हे तं मेल्यावरचंच वाटते. मले जित्तेपणीचा पाहिजे." वहिनीला दाखवला, तिनं फक्त 'अगाई' म्हटलं आणि भाजी ढवळायला गेली. माझ्या वीस वर्षांच्या कामावर एवढी छोटी समीक्षा कोणी केली नव्हती.

नवव्या दिवशी मायनं नाद सोडला. म्हणजे मला तसं वाटलं. सकाळी बघते तर बाई आंघोळ करून, अंजिरी रंगाचं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून तयार. बाजाराचा दिवस होता तरी फुलांच्या टोपल्या वहिनीच्या हवाली केलेल्या. मी विचारलं कुठं चाललीस. म्हणाली, अकोल्याले. त्या कोटवाल्याकडं. तू नाही काढत तं राहू दे.

आता अमरावतीत काय स्टुडिओंचा दुष्काळ आहे? गल्लीगल्लीत आहेत. पण तिनं नेमका तो निवडला, कारण त्या माणसाचं नाव काढलं की माझा पारा चढतो हे तिला पक्कं माहीत. नऊ वर्षं मी त्याला न बघता शिव्या देत होते. पस्तीस वर्षं बाजारात बसलेली बाई आहे, कुठल्या गिऱ्हाइकाला कुठं दाबायचं ते तिला कळतं. मी कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली आणि तिच्यामागं एसटीत चढले. वाटेत ती मूर्तिजापूरपर्यंत झोपली. मी झोपले नाही, कोटवाल्याला काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

स्टुडिओ म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली. दारात आरसा, आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा, खाली पावडरचा डबा. आत लाल रेक्झिनचं स्टूल, दोन छत्र्यांचे दिवे, मागं निळा पडदा. कोटवाला माझ्यापेक्षा लहान निघाला, चाळिशीचा, गुबगुबीत, तोंडात सुपारी. मी मनात जो राक्षस नऊ वर्षं पोसला होता त्याच्याशी याचं काहीच जुळेना. त्यानं आम्हाला बसायला दिलं, पंखा आमच्याकडं फिरवला, पाणी आणलं. तरी मी बोललेच. म्हटलं, तुम्ही माझ्या बापाला केस लावले.

त्याला आठवेना. मग त्यानं कॉम्प्युटर उघडला आणि जुनं शोधत बसला. नाव, वर्ष, महिना विचारत गेला, माय एकेक सांगत गेली. त्या कॉम्प्युटरवर एका कप्प्याचं नाव होतं 'कोट'. निळे, काळे, तपकिरी, एक पांढरापण, सगळे बिनडोक्याचे, रांगेनं. दुसरा कप्पा फेट्यांचा. मला हसू आवरेना आणि राग पण आवरेना. शेवटी त्याला सापडलं. आधी तो कोटातला, आणि त्याच्या शेजारी मूळचा, लग्नाच्या घोळक्यातला. बाबा हसत होते. टोपीवर कोण्या मामाचा हात होता, डोळे बारीक झाले होते, समोरचे दोन दात दिसत होते. मी हा फोटो याआधी पाहिला नव्हता.

कोटवाला त्याकडं बघत म्हणाला की केस त्यानं आपल्या मनानं टाकले होते, माणूस बाहेरगावच्या दवाखान्यात गेलेला, पोरगा रडत आलेला, मला वाटलं जरा रुबाबदार दिसावा. आता म्हणत असाल तर कोट काढतो, टोपी परत बसवतो, आजकाल सगळं होतं. मी म्हणणारच होते की हो, आत्ताच्या आत्ता काढा. पण माय म्हणाली, "राहू दे बाप्पा. नऊ वर्षं झाले. आता त्यालेबी सवय झाली असन कोटाची."

मी तिच्याकडं बघतच राहिले. म्हटलं, तूच म्हणायचीस ना दुसऱ्याचा नवरा वाटतो म्हणून? ती म्हणाली, वाटते तं वाटते, रोज घालून घालून थो बी आपलाच झाला. मूळचा फोटो मात्र तिनं छोटा करून मागितला, पाकिटात ठेवायला. आणि पदर सारखा करून स्टुलावर जाऊन बसली, कोटवाल्याला म्हणाली, आता माहा काढ.

कोटवाल्यानं दिवे लावले. मागच्या पडद्याऐवजी काय टाकायचं ते विचारलं. देऊळ आहे, बाग आहे, ताजमहाल आहे. मग त्याला एकदम सुचलं, मुलगी कॅनडात असते ना, मग मागं बर्फाचे डोंगर टाकू, लोकांना कळलं पाहिजे. मायनं पडद्याकडं वळून बघितलं आणि सांगितलं की तिला थंडी सोसत नाही. मग तो म्हणाला, लुगडं जरा भडक करू, आणि सुरकुत्या तर एका मिनिटात जातील, माताजी चाळीसच्या दिसतील. त्याचा हेतू वाईट नव्हता, तो मनापासून बोलत होता. आणि मला एकदम दिसलं की आमच्या घरात बाबांच्या शेजारी एक चाळीस वर्षांची गुळगुळीत बाई लागणार आहे, आणि वहिनी तिला रोज हार घालणार आहे, आणि मी कॅनडातून फोनवर विचारणार आहे की ही कोण गं?

मी उठले. बॅग उघडली. त्याला म्हटलं, भाऊ, दिवे तुमचे, स्टूल तुमचं, फोटो मी काढते. त्याला राग आला नाही. उलट त्यानं खुर्ची ओढली आणि बघत बसला. म्हणाला, बघू तिकडं कसं काढतात.

पहिला मी सवयीनं जवळून काढला. डोळे, नाक, ओठ. मायनं हात पुढं केला, दाखव म्हणाली. पडद्यावर तिनं आपला तळहात आडवा ठेवला, बरोबर ओठांच्या खाली, आणि मला म्हणाली, हार इथं येईन. मंग माहं काय राहिलं? कपाळ. तिनं हात काढला आणि मला खूण केली, मागं सर. मी एक पाऊल सरले. अजून. अजून एक. मी सगळं आयुष्य माणसांच्या जवळ जाऊन फोटो काढले, त्याचीच मला शाबासकी मिळत गेली, आणि आता माझी माय मला हातानं मागं ढकलत होती. शेवटी माझी पाठ दाराच्या आरशाला टेकली. तेव्हा म्हणाली, हां. बस. वीतभर आली का खाली? मी म्हटलं आली.

तिनं पदर डोक्यावरून घेतला. ओठ मिटले, कारण समोरचा एक दात पडलेला आहे आणि ते जगाला दाखवायची तिला गरज वाटत नव्हती. दोन्ही हात मांडीवर. आणि सरळ माझ्याकडं बघितलं.

मी कॅमेऱ्यातून बघत होते. डोकं, वर चार बोटं. खांदे. हनुवटीखाली रिकामी जागा. ती रिकामी जागा मला दिसत होती, आणि त्यात काय येणार ते पण दिसत होतं. मला भीती वाटली. सरळ सांगते, लहानपणी जत्रेत हात सुटला होता तेव्हा वाटली होती तेवढी. बोट दाबलंच जाईना. मी कोटवाल्याला म्हटलं, उजवा दिवा जरा मागं घ्या. त्यानं घेतला. मग म्हटलं, पुढं घ्या. त्यानं पुढं घेतला. त्याला कळलं होतं. असे फोटो तो रोज करतो, त्याला कसं कळणार नाही?

"काय पाहून राहिली?" माय म्हणाली. "दाब."

मी दाबलं. चार काढले. तिसरा चांगला आला. त्यात ती थोडी वैतागलेली आहे, कारण मी वेळ लावला होता, आणि वैतागली की तिचा चेहरा अगदी तिचा होतो. तिनं पडद्यावर बघितलं, तळहात ठेवून माप घेतलं, आणि मान हलवली. कोटवाला म्हणाला, म्याडम, नाकावरची चमक तेवढी कमी करू का? मी म्हटलं, हात लावायचा नाही. तो म्हणाला, नाही लावत. त्यानंच तो मोठा छापला, त्यानंच काचेच्या चौकटीत बसवला, सागवानी रंगाच्या, मायनं निवडलेल्या. आम्ही तोवर बाहेर टपरीवर चहा प्यायलो. निघताना त्यानं मला विचारलं की तिकडं लोक मेल्यावर फोटो कुठं लावतात. मी म्हटलं, लावत नाहीत, फोनमध्ये असतात. त्याला ते फार वाईट वाटलं.

पुढं त्या संस्थेचं प्रदर्शन झालं. हात लागले, पाय लागले, एकटी चप्पल पण लागली. लोकांनी त्यांच्यासमोर वाइनचे ग्लास धरून माझ्या मुळांबद्दल मला बरंच काही समजावून सांगितलं. हा फोटो मी त्यांना दिला नाही. त्यांना त्याचं काय करायचं ते कळलं नसतं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळच्या आत घरी पोचायचं म्हणून आम्ही तीनची अमरावती गाडी पकडली. मायनं फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर उभा धरला होता, काच फुटू नये म्हणून दोन्ही हातांनी. वर्तमानपत्र एका कोपऱ्यातून फाटलं होतं, तिथून तिचाच एक डोळा आणि पदर दिसत होता. शेजारच्या सीटवरच्या बाईनं हळहळून विचारलं, कोणाचा हाये वो माय? माय म्हणाली, माहा. ती बाई खिडकीकडं सरकून बसली.

मी मायला म्हटलं, झालं ना समाधान? ती म्हणाली, झालं. मग जरा वेळानं माझ्याकडं न बघता बोलायला लागली, बाजारात दोरा ओवताना बोलते तशी.

"आता तू नाही आली तरी चालन."

मला आधी कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा मी भडकले. म्हटलं, काहीही काय बोलतेस, मी येईन. माझ्याकडं आता भारतात यायचं कायमचं कार्ड आहे, कोणी अडवणार नाही, पहिल्या विमानानं येईन.

"ये ना," ती म्हणाली. "पण तुह्यासाठी मले थोडीच थांबवतीन?"

विमानाला दोन दिवस लागतात. बाबांना कोणी दोन दिवस थांबवलं नव्हतं, आणि थांबवायला पाहिजे होतं असं मी कधी म्हटलं पण नव्हतं. तिनं फोटो जरा सावरला, फाटलेला कागद बोटानं दाबून बसवला.

"तुह्या बापाच्या तेरवीले सारे इचारत होते, पोरगी कुठी हाये, पोरगी कुठी हाये. मले काही सांगता आलं नाही. आता तसं नाही होत. माह्या तेरवीले कोणी इचारलं, तं तुही वहिनी फोटो दाखवन. म्हणन, पाहा ना, थे पोरगीकडंच पाहून राहिली. समोर उभी हाये पोरगी."

मी खिडकीकडं तोंड फिरवलं. बाहेर काय होतं मला सांगता येणार नाही. खांदे हलत होते ते मात्र लपवता आले नाहीत, आणि तिकिटं तपासत आलेल्या कंडक्टरनं मायला विचारलं की म्याडमले काय झालं.

"काही नाही," माय म्हणाली. "तिले गाडी लागते."